व्हॉट्सअ‍ॅपवर पेशंट बघता, ठीक आहे. पण लिहून कुठे ठेवता?

प्रश्न एका तरुण एम.डी. मेडिसिन डॉक्टरांचा आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ठाण्यातल्या कासारवडवलीत दवाखाना टाकला. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकला कंटाळलेले रोजचे दहाबारा पेशंट व्हॉट्सअ‍ॅपवरच बोलतात. गेल्या महिन्यात एक सॉफ्टवेअर विकणारा येऊन त्यांना सांगून गेला की व्हॉट्सअ‍ॅपवर सल्ला देणं बेकायदा आहे, नवे डेटा नियम आलेत, अडीचशे कोटी दंड बसतो, आमचं अ‍ॅप घ्या. यातलं खरं किती, आपण काय बदलायचं आणि परदेशातून कॉल आला तर काय करायचं, असं त्यांनी विचारलंय.

डॉक्टर, आधी तुमची झोप परत देते. व्हॉट्सअ‍ॅपवर सल्ला देणं बेकायदा नाही. २५ मार्च २०२० ला, लॉकडाऊन लागला त्याच दिवशी, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं निघाली. फोन, व्हिडिओ, ईमेल, चॅट हे सगळे मार्ग त्यांत धरलेत आणि व्हॉट्सअ‍ॅपचं तर नाव घेऊन उल्लेख आहे. पुढे ती २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेच्या विनियमांना परिशिष्ट म्हणून जोडली गेली. म्हणजे ती मोडली तर तक्रार थेट महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे जाऊ शकते. ‘मार्गदर्शक’ शब्द वाचून कुणी त्यांना ऐच्छिक समजू नये.

मी ठाणे आणि नवी मुंबईतल्या दवाखान्यांची, छोट्या रुग्णालयांची नोंदणी, परवाने, रेकॉर्ड यांचं काम बघते. त्याआधी नऊ वर्षं एका रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये होते, त्यामुळे माझी नजर सगळ्यात आधी केसपेपरवर जाते. गेल्या पाच-सहा वर्षांत टेलि-सल्ल्यावरून जेवढ्या भानगडी माझ्या टेबलावर आल्या, त्यांतली एकही ‘कुठलं अ‍ॅप वापरलं’ यावरून झालेली नव्हती. डॉक्टरांनी सल्ला बरोबर दिला होता, पण तो दिल्याचा कागद नव्हता, हेच बहुतेक वेळा निघालं.

एक सांगते, म्हणजे मुद्दा लक्षात येईल. एका ओळखीच्या दवाखान्याचं प्रकरण. सत्तरीचे गृहस्थ, रात्री साडेनऊला मुलाने कॉल लावला, छातीत जळजळ होतेय म्हणून. डॉक्टर म्हणतात, मी स्पष्ट सांगितलं की आत्ता उठा आणि कॅज्युअल्टीत ईसीजी काढा. मुलगा म्हणतो, डॉक्टरांनी अ‍ॅसिडिटीची गोळी घ्यायला सांगितली. गोळीचं नाव चॅटमध्ये होतं, ईसीजीचं फक्त बोलण्यात. नोटीस आली तेव्हा डॉक्टरांच्या फोनवर उरलं होतं काय, तर कॉलची नोंद, ४ मिनिटं १२ सेकंद, आणि बायकोच्या खात्यावर आलेले पाचशे रुपये. चॅट गेलं, कारण डॉक्टरांनी कधीतरी मेमरी वाचवायला ‘डिसअपिअरिंग मेसेजेस’ चालू करून ठेवलं होतं. मुलाकडे मात्र गोळीच्या नावाचा स्क्रीनशॉट होता. मला डॉक्टरांचंच म्हणणं खरं वाटतं, मी त्यांना ओळखते. पण मला वाटून काय उपयोग?

हा धाक नवा नाही. २०१८ मध्ये रत्नागिरीच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टर दांपत्याला अटकपूर्व जामीन नाकारला. बाळंतपणानंतरची पेशंट पुन्हा दाखल झाली, डॉक्टर गावात नव्हते, फोनवरून औषधं चालली आणि पेशंट गेली. तेव्हापासून दोन वर्षं फोनवर औषध सांगायलाच लोक घाबरत होते. २०२० च्या तत्त्वांनी ती भीती काढली आणि बदल्यात काही अटी घातल्या. त्या अटी मात्र फारच थोड्या डॉक्टरांनी मुळातून वाचल्यात, असा माझा अनुभव. तुमच्या कामाच्या तेवढ्या सांगते.

पेशंट नवा की फॉलोअपचा, यावर सगळं फिरतं. तुम्ही प्रत्यक्ष तपासल्याला सहा महिने झाले नसतील आणि तक्रार त्याच आजाराची असेल तरच तो फॉलोअप. बीपीच्या तुमच्या जुन्या पेशंटला आज खोकला झाला, तर खोकल्यापुरता तो नवा पेशंट. त्यात एक कलम मला फार आवडतं: आधीच्या उपचाराचा संदर्भ डॉक्टरला आठवत नसेल, तरी ती पहिलीच भेट धरायची. रोज साठ पेशंट बघणाऱ्या डॉक्टरला हे कलम मोठ्याने वाचून दाखवावंसं वाटतं. केसपेपर समोर नसताना ‘हो हो, तेच चालू ठेवा’ म्हणालात, तर ते फॉलोअपमध्ये बसतच नाही.

औषधांच्या याद्या याच फरकावर बेतल्या आहेत. पॅरासिटामॉल, ओआरएस यांसारखी ‘ओ’ यादीतली औषधं कुठल्याही माध्यमावर सांगा. ‘ए’ यादीतली औषधं पहिल्या भेटीत लिहायची तर ती भेट व्हिडिओवरच हवी. नुसत्या ऑडिओ कॉलवर नव्या पेशंटला ती लिहिता येत नाहीत. ‘बी’ यादी म्हणजे फॉलोअपच्या पेशंटच्या चालू औषधांत घालायची जोड. आणि शेड्यूल एक्समधली (कडक नियंत्रणाखालची), तसंच एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात मोडणारी औषधं, मोजके अपवाद सोडले तर, टेलि-सल्ल्यावर द्यायचीच नाहीत. इथे फसतात ते झोपेच्या गोळीला. ‘डॉक्टर, आईची अल्प्राझोलाम संपलीय, मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देत नाही, एक फोटो पाठवा ना.’ नौपाड्यातल्या माझ्या दहा डॉक्टरांपैकी सात जणांनी हा फोटो कधी ना कधी पाठवलाय. अल्प्राझोलाम एनडीपीएसच्या यादीत आहे. पाठवू नका. आईंना रिक्षात घालून घेऊन या म्हणा, शिव्या खाव्या लागल्या तरी चालेल.

चिठ्ठी म्हणजे चॅटमध्ये टाइप केलेली ओळ नव्हे. सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो, स्कॅन किंवा नीट ई-प्रिस्क्रिप्शन लागतं, आणि त्यावर तुमचा नोंदणी क्रमांक. तो क्रमांक पावतीवर आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रोफाइलवरही असायला हवा; बिझनेस अकाउंट असेल तर तिथे टाकायला एक मिनिट लागतं. तारीख औषधाच्या नावाला चिकटून लिहा. वर कोपऱ्यात लिहिलेली तारीख लोक स्क्रीनशॉट कापताना उडवतात आणि तीच चिठ्ठी वर्षभर फिरते. सेफिक्झिमसारखं शेड्यूल एच-१ मधलं अँटिबायोटिक असेल, तर मेडिकलवाल्याला वेगळ्या रजिस्टरमध्ये तुमचं नाव लिहून ते तीन वर्षं जपावं लागतं. म्हणजे तुमच्याकडे नोंद नसली तरी त्याच्याकडे असते. एफडीएचे (अन्न व औषध प्रशासनाचे) इन्स्पेक्टर रजिस्टर चाळताना तुमच्या नावापुढच्या तीस सेफिक्झिम मोजतील आणि तुमच्याकडे एकही केसपेपर नसेल, हे चित्र काही बरं नाही. आणखी एक: तुम्ही चिठ्ठी परस्पर एखाद्या मेडिकलला पाठवत असाल, तर पेशंटची स्पष्ट परवानगी लागते. दुकान निवडायचा हक्क त्याचाच.

संमतीचा बाऊ नको. पेशंटने स्वतः कॉल केला की संमती गृहीत. तुमच्या रिसेप्शनिस्टने किंवा तुम्ही कॉल केला, की ती स्पष्ट घ्यायची. ‘हो, मला व्हिडिओवर सल्ला हवा आहे’ एवढा मेसेज किंवा व्हॉइस नोट पुरते. अल्पवयीन पोराशी बोलताना सोबत मोठं माणूस हवं आणि ते कोण, हे विचारून लिहून ठेवायचं. पेशंट समोर नसून नुसता नातेवाईक बोलत असेल, तर त्याच्याकडे पेशंटने दिलेला अधिकार हवा, निदान नातं तरी ओळखपत्रावरून कळायला हवं. मूल लहान असेल किंवा पेशंट बोलण्याच्या स्थितीत नसेल तर सांभाळणाऱ्याचा अधिकार मानला जातो. व्हिडिओ रेकॉर्ड करा असं कुठेही म्हटलेलं नाही. पुष्कळ जण ‘पुरावा’ म्हणून गुपचूप रेकॉर्ड करतात; कृपा करून करू नका, तो तुमच्याच गळ्यात येईल.

ठेवायचं काय, तर कॉल-चॅटच्या नोंदी, पेशंटने पाठवलेले रिपोर्ट-फोटो, दिलेली चिठ्ठी आणि तुमची टिपण. यातली टिपण सगळ्यात महत्त्वाची आणि तीच नसते. मी डॉक्टरांना नमुना म्हणून एक खरीखुरी टिपण दाखवते, नाव झाकून. मूळ इंग्रजीत होती, सरळ मराठीत देते:

‘सायं. ७.१०, व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ, पेशंटनेच कॉल केला. वय ६२, शेजारी मुलगी. मधुमेह जुना, शेवटची प्रत्यक्ष तपासणी १२ जून. डाव्या पायाला जखम, ४ दिवस. ही नवी तक्रार. लाली दिसते, उजेड कमी, जखमेची खोली कळत नाही. ताप नाही म्हणतात, मोजलेला नाही. बघितल्याशिवाय अँटिबायोटिक देत नाही असं सांगितलं. उद्या ११ च्या आत दवाखान्यात. ताप आला किंवा कडा काळी पडली तर आज रात्रीच कॅज्युअल्टी. मुलीने सगळं परत म्हणून दाखवलं. हेच चॅटवर पाठवलं ७.१९ ला.’

किती वेळ लागला असेल? दीड मिनिट. पण बघा त्यात काय काय आलं. कोण बोललं, कुठल्या माध्यमावर, नवं की जुनं, काय दिसलं आणि काय दिसलं नाही. ‘उजेड कमी, खोली कळत नाही’ हे लिहिणारा डॉक्टर मला फार आश्वासक वाटतो. पडद्यावर दिसत नाही ते दिसत नाही असं लिहिणं, हीच टेलि-सल्ल्याची खरी वैद्यकी. आणि शेवटची ओळ, चॅटवर परत पाठवल्याची, वर सांगितलेल्या त्या छातीत जळजळवाल्या डॉक्टरांकडे असती, तर ते प्रकरण पहिल्याच तारखेला बदललं असतं. टिपण वहीत लिहा, एक्सेलमध्ये लिहा, सॉफ्टवेअरमध्ये लिहा, मला फरक पडत नाही. त्याच दिवशी लिहा. दुसऱ्या दिवशी आठवून लिहिलेली टिपण मला वाचताक्षणी कळते, वकिलांनाही कळते.

किती वर्षं ठेवायची? २००२ चे विनियम दाखल पेशंटचं रेकॉर्ड तीन वर्षं ठेवायला सांगतात आणि पेशंटने मागितलं तर ७२ तासांत द्यायला सांगतात. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षांची. मी टेलि-सल्ल्यालाही तीनच्या वर ठेवायला सांगते, मुलांचं तर आणखी जास्त. आणि हे माहीत असू द्या: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार स्वतः राहतो तिथल्या जिल्हा आयोगात जाऊ शकतो. कासारवडवलीत बसून नागपूरच्या पेशंटला सल्ला दिलात, तर तारखांना नागपूरला जायची तयारी ठेवा. टेलि-सल्ल्याने तुमचा दवाखाना राज्यभर पसरतो तसा खटलाही पसरतो. तुमच्या इन्डेम्निटी पॉलिसीत (डॉक्टरांवरच्या दाव्यांसाठीच्या विम्यात) टेलि-सल्ला धरलाय का, हे एजंटला तोंडी न विचारता पॉलिसीच्या कागदात वाचा.

आता ते अडीचशे कोटी. आकडा खरा आहे, सांगणाऱ्याने त्याचा वापर खोटा केला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. डेटा सांभाळण्याची वाजवी काळजी घेतली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत. ‘पर्यंत’ हा शब्द त्या माणसाने गिळला. चूक केवढी, माहिती कुठल्या प्रकारची, नंतर निस्तरलं का, हे सगळं बघून डेटा संरक्षण मंडळ रक्कम ठरवतं. शिवाय मुख्य जबाबदाऱ्यांना नियमांनी १८ महिन्यांची मुदत दिली आहे, म्हणजे मे २०२७. मात्र तोवर मोकळं रान आहे असंही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे २०११ चे नियम वैद्यकीय माहितीला संवेदनशील माहिती म्हणतात, आणि पेशंटची गुपितं जपायचं बंधन तर आचारसंहितेत पूर्वीपासून आहे.

नवे नियम लागू झाल्यावर तुम्हाला काय करावं लागेल, तर कुठली माहिती कशासाठी घेता हे साध्या भाषेत सांगणं. पेशंटला ते मराठीतही मिळायला हवं, कारण राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेचा पर्याय कायद्याने दिलाय. माहिती फुटली तर त्या पेशंटला विनाविलंब कळवायचं आणि मंडळाला सविस्तर अहवाल ७२ तासांत द्यायचा. मुलांच्या माहितीला पालकांची पडताळलेली संमती लागते, पण उपचारापुरती डॉक्टरांना त्यातून सूट आहे. याची भीती घालून कुणी काही विकायला आलं तर हसून चहा पाजा.

दवाखान्यातून माहिती फुटते ती हॅकरमुळे नव्हे, गॅलरीमुळे. वाशीच्या एका डॉक्टरांकडे गौरीजेवणाला माणसं जमली होती. टीव्हीवर फोनमधल्या फोटोंचा स्लाइडशो लावलेला, गेल्या वर्षीची आरास, नातवंडं, आणि मधेच कुणाच्या तरी मूळव्याधीचा फोटो. सगळे हसले म्हणे. पेशंट त्या खोलीत असता तर? व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो आपोआप गॅलरीत आणि तिथून कुटुंबाच्या क्लाउडवर जात होते. तुम्ही दवाखान्यासाठी वेगळा फोन आणि वेगळं सिम घ्या, ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ (आयफोनवर ‘सेव्ह टू फोटोज’) बंद करा, फोनला कुलूप ठेवा. रिसेप्शनिस्ट नोकरी सोडते तेव्हा तिच्या फोनवर लिंक केलेलं व्हॉट्सअ‍ॅप वेब काढून टाका. हे शेवटचं शंभरात एखादाच करतो. फी दवाखान्याच्या खात्यावर घ्या आणि पावती द्या. पावती द्यायची हे त्या तत्त्वांतच आहे.

सॉफ्टवेअर वाईट नसतं. रोज दहाबारा सल्ले असतील तर घेतलेलं बरंच, चिठ्ठी आणि टिपण एका जागी पडते. पण विकणाऱ्याला विचारा, करार संपला की माझं रेकॉर्ड मला कुठल्या स्वरूपात परत मिळेल? सर्व्हर कुठे आहे, माहिती फुटली तर मला किती तासांत कळवणार, हे करारात लिहून देणार का? मग ‘आमचं एआय चिठ्ठी लिहून देतं’ असं म्हणाला, तर त्याला दार दाखवा. २०२० च्या तत्त्वांप्रमाणे यंत्राने डॉक्टरला मदत करावी. पेशंटला सल्ला देणं किंवा औषध लिहिणं त्याचं काम नाही. ‘आभा’ (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा) नंबर सक्तीचा आहे असंही तो म्हणेल. नाही, ऐच्छिक आहे.

‘नवे एनएमसी नियम’, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे नियम, म्हणून एक पीडीएफ तुमच्याही ग्रुपवर फिरत असेल. ते २ ऑगस्ट २०२३ चे विनियम. २३ ऑगस्टला स्थगित झाले. तीन आठवडे जगले, पण त्यांची पीडीएफ काही मरत नाही. तुम्हाला लागू आहेत ते २००२ चे. मेडिकल कौन्सिलची तुमची नोंदणी पाच वर्षांनी नूतनीकरणाला येते आणि त्याला ३० सीएमई (डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाची) क्रेडिट लागतात, ती तारीख मात्र तपासा. नोंदणी संपलेल्या डॉक्टरने दिलेली ई-चिठ्ठी हा प्रकार मी दोनदा बघितलाय, दोन्ही वेळा चांगले, सज्जन, विसराळू डॉक्टर.

रात्रीच्या मेसेजचं एक. बिझनेस अकाउंटवर आपोआप जाणारं उत्तर लावा: ‘हा नंबर तातडीच्या उपचारासाठी नाही. छातीत दुखणं, श्वास लागणं, बेशुद्धी असल्यास १०८ ला फोन करा.’ तातडीच्या वेळी टेलि-सल्ला प्रथमोपचार आणि रवानगी एवढ्यापुरताच. आणि पेशंट यायला तयार असताना ‘व्हिडिओवरच बोला’ असा आग्रह तुम्ही धरू शकत नाही, तेही लिहिलेलं आहे.

राहिला परदेशाचा प्रश्न. ठाण्यात प्रत्येक सोसायटीत दोन-चार घरांची मुलं बाहेर आहेत, त्यामुळे हा कॉल येणारच. पेशंट त्या क्षणी कुठे बसलाय, हे बघा. सासूबाई वसंत विहारमध्ये आणि सून न्यू जर्सीहून व्हिडिओवर जोडली गेली, तर पेशंट ठाण्यात आहे. बिनधास्त बघा, फक्त सासूबाईंशी स्वतः बोला आणि त्यांची संमती लिहा. पण सून म्हणाली, ‘डॉक्टर, माझंही थायरॉइड जरा बघा ना, इथे अपॉइंटमेंट मिळायला दोन महिने लागतात’, तर थांबा. २०२० ची तत्त्वं भारताबाहेरच्या पेशंटला सल्ला द्यायला मुभा देत नाहीत, आणि अमेरिकेत पेशंट ज्या राज्यात असेल त्या राज्याचा परवाना डॉक्टरकडे लागतो. तिला सांगा, रिपोर्ट जपून ठेव, डिसेंबरात सुट्टीला येशील तेव्हा सकाळी उपाशीपोटी ये.